मेंढ्यांना जंताचे औषध कधी आणि कोणाला पाजावे, हे लेंडी तपासून ठरवता येईल का?

प्रश्न: मेंढीपालक, जत (जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे माडग्याळ जातीच्या शंभराच्या आसपास मेंढ्या आणि त्यांच्याबरोबर चरणाऱ्या थोड्या शेळ्या आहेत. दिवसा माळावर आणि ओढ्याच्या काठाने चराई होते आणि रात्री कळप घराशेजारच्या गोठ्यात कोंडला जातो. आमच्या भागात पूर्वापार चालत आलेली पद्धत अशी, की मृगाच्या आधी एकदा, श्रावणात एकदा आणि दिवाळी झाल्यावर एकदा अख्ख्या कळपाला जंताचे औषध पाजायचे. औषध बहुधा अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल, म्हणजे दुकानात त्या वेळी जे मिळेल ते.

यंदा श्रावणातला डोस वेळेवर देऊनही भाद्रपदात कोकरे खंगू लागली. ती कळपाच्या मागे रेंगाळतात, थोडे चालले की उभी राहतात. काहींच्या जबड्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज आली आहे. चरून आल्यावर संध्याकाळी ती जास्त दिसते आणि सकाळी थोडी उतरलेली असते. हगवण मात्र कोणालाच नाही, लेंडी बांधीव पडते. औषधाच्या दुकानात विचारले तर डोस दुप्पट करा असे सांगितले गेले, आणि शेजारच्या वस्तीवरील मंडळींचे म्हणणे असे, की आता आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनच टोचावे लागेल.

माझी अडचण अशी, की आपण पाजतो ते औषध लागू पडत नाही, की लागू पडते पण कळपाला पुन्हा नव्याने जंत होतात, हे मला कळायला मार्ग नाही. लेंडी तपासून हे समजते असे ऐकले आहे. तर किती जनावरांची लेंडी द्यावी, ती कशी न्यावी आणि अहवालात येणाऱ्या आकड्याचा अर्थ कसा लावावा? डोळ्याच्या पापणीचा रंग पाहून जंतांचा अंदाज येतो, हे खरे आहे का? काही कोकरांच्या लेंडीत भाताच्या शितासारखे पांढरे तुकडेही दिसतात. त्यांचा या खंगण्याशी संबंध आहे का, हेही कृपया सांगावे.


उत्तर: पशुवैद्यक, सातारा जिल्हा

आपले वर्णन वाचून पहिला संशय हिमोंकस या गोलकृमीवर जातो. आपण सरसकट ‘पोटातले जंत’ म्हणतो, त्यांतला हा सर्वांत घातक. तो आतड्यात नव्हे तर चौथ्या पोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या खऱ्या जठरात, राहतो आणि तेथील अस्तराला जखम करून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण पोटात हजार जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि तीस किलोच्या मेंढीच्या अंगात मुळात दोन लिटरच्या आसपासच रक्त असते. रक्ताबरोबर प्रथिने जातात, म्हणून जबड्याखाली पाणी उतरते. चरताना मान खाली राहिल्यामुळे ते संध्याकाळी जास्त दिसते. हिमोंकसमध्ये हगवण सहसा लागत नाही, आणि लेंडी चांगली आहे म्हणून मालक निर्धास्त राहतो. आतड्यात राहणाऱ्या ट्रायकोस्ट्राँगायलससारख्या जंतांनी मात्र लेंडी पातळ होते आणि शेपटीखालची लोकर भरते.

एखादे कोकरू दगावलेच, तर ते तसेच पुरून टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्या. चौथे पोट उघडले की हिमोंकसच्या दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या माद्या नुसत्या डोळ्यांना दिसतात: रक्ताने भरलेले लाल आतडे आणि त्याभोवती पिळलेला पांढरा अंडाशय, असा लाल-पांढरा पीळ असलेला बारीक दोरा. याहून खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

आता लेंडीविषयी. जमिनीवर पडलेली लेंडी गोळा करू नये. ती कोणत्या जनावराची आणि किती वेळापूर्वीची हे कळत नाही. हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून जनावराच्या गुदद्वारातूनच चार-पाच ग्रॅम लेंडी काढावी, पिशवी तशीच उलटी करून हवा दाबून काढावी आणि गाठ मारावी. आपल्याकडच्या उन्हात जंतांची अंडी एका दिवसात फुटतात आणि मग मोजायला काही उरत नाही, म्हणून नमुना बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोहोचवावा. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला तर चालतो, मात्र गोठवू नये. कळपातील एकाच जनावराचा नमुना देऊन उपयोग नाही, कारण जंत सर्व जनावरांत सारखे वाटलेले नसतात. थोड्याच मेंढ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात. निदान दहा कोकरांचे आणि वेगळे दहा मोठ्या मेंढ्यांचे नमुने घ्या. दोन्ही गट एकत्र केले तर मोठ्या मेंढ्यांचे कमी आकडे कोकरांचा धोका झाकून टाकतात. तपासणी जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात, पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात करून घेता येईल. नमुना देताना ‘अंडी आहेत की नाहीत’ एवढ्यावर समाधान मानू नका. एका ग्रॅममध्ये किती अंडी, हा आकडा मागा. चरणाऱ्या कळपात थोडी अंडी बहुतेक सगळ्यांच्या लेंडीत सापडतात, त्यामुळे नुसत्या ‘आहेत’ या शेऱ्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पापणीचा रंग पाहण्याची पद्धत खरी आहे आणि अतिशय कामाची आहे. दक्षिण आफ्रिकेत ती विकसित झाली आणि तेथील पशुवैद्यक फाफा मलान यांच्या नावावरून तिला ‘फामाचा’ म्हणतात. तक्त्यावर लालबुंद ते पांढरीफटक अशा पाच छटा असतात. जनावर उघड्या उजेडात, सावलीत नव्हे, धरावे. वरच्या पापणीवरून अंगठ्याने डोळा हलकेच दाबावा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढावी, म्हणजे आतला ओला पडदा क्षणभर वर येतो. रंग त्याचा पाहायचा, पापणीच्या कडेचा नव्हे, आणि तोही लगेच, कारण पापणी धरून ठेवली की रंग बदलतो. दोन्ही डोळे पाहावेत आणि जो फिकट असेल तो धरावा. चौथ्या आणि पाचव्या छटेच्या जनावरांना औषध द्यायचेच. तिसऱ्या छटेच्या कोकरांना, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मेंढ्यांना आणि हडकलेल्या जनावरांनाही द्यावे. पहिल्या-दुसऱ्या छटेच्या धडधाकट मेंढ्यांना देऊ नये. पावसाळ्यात हे काम दर पंधरवड्याला करावे लागते आणि पाऊस व ऊब दोन्ही असतील तर आठवड्याला. ही पद्धत केवळ रक्त पिणाऱ्या जंतांपुरती आहे, हे मात्र विसरू नये. गोचीड, रक्तातील परजीवी, यकृतातील चपटे कृमी किंवा नुसती उपासमार यांनीही पापणी पांढरी पडते, आणि धुळीने डोळा चुरचुरत असेल तर रक्त कमी असूनही पापणी लाल दिसते.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर दोन मोजण्यांतून मिळते. औषध पाजण्याच्या दिवशी दहा-पंधरा जनावरांची लेंडी घ्या, त्यांच्या कानांवर खूण करा, वजन करून पुरेपूर डोस द्या आणि दोन आठवड्यांच्या आत त्याच जनावरांची लेंडी पुन्हा द्या. समजा, आधी सरासरी १,००० अंडी होती आणि नंतर ४०० आली, तर घट केवळ ६० टक्के झाली. चांगले लागू पडणारे औषध ९५ टक्क्यांच्या वर घट दाखवते. त्याहून घट कमी असेल तर जंत त्या औषधाला निर्ढावले आहेत असे समजावे. हिमोंकसचे पिल्लू (अळी) पोटात गेल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून दोन आठवड्यांच्या आत सापडलेली अंडी नव्याने झालेल्या जंतांची नसतात, तर औषधातून वाचलेल्यांची असतात. ‘लागू पडत नाही की पुन्हा होतात’ हा पेच अशा रीतीने सुटतो.

डोस मनाने दुप्पट करू नका. आणि अल्बेंडाझोल चालत नसेल तर फेनबेंडाझोल चालेल अशीही आशा नको, कारण ही दोन्ही एकाच कुळातील औषधे आहेत. बाटली बदलली तरी जंताच्या दृष्टीने औषध तेच राहते. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात तर अल्बेंडाझोल टाळावेच. सूज आलेल्या कोकरांना मात्र अहवालाची वाट पाहत ठेवू नका. त्यांना आजच जवळच्या पशुवैद्यकांना दाखवून वेगळ्या कुळातले औषध सुरू करा.

भाताच्या शितासारखे तुकडे पट्टकृमीचे आहेत. ते डोळ्यांना दिसतात म्हणून मालक घाबरतो, पण या खंगण्याचे कारण ते असण्याची शक्यता फार कमी आहे. जो जंत रक्त पितो, तो लेंडीत दिसत नाही.


उत्तर: मेंढपाळ, माण तालुका

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली पापणी पाहण्याची रीत आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर, आता नेमाने चालते, म्हणून फिरत्या कळपाचा अनुभव लिहितो. आमच्या मेंढ्या दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी वर येतात. वाटेत प्रयोगशाळा मिळत नाही. त्यामुळे सकाळी वाघर (मेंढ्या कोंडण्याची जाळी) उघडताना एकेक मेंढी हाताखालून जाऊ देतो. एक जण धरतो, एक पापणी पाहतो आणि तिसरा औषध पाजलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढतो. दोन-तीन माणसे असली तर हे काम चराईला निघण्याआधी उरकते.

या पट्ट्यांतून आम्हाला एक गोष्ट लक्षात आली, ती सर्वांनी ध्यानात घ्यावी असे मला मनापासून वाटते. दर वेळी पट्टा ओढावा लागतो त्या मेंढ्या बहुतेक त्याच त्या असतात. म्हणून आम्ही वहीत मेंढीच्या कानाच्या खुणेपुढे नोंद ठेवतो आणि जिला एका पावसाळ्यात पुनःपुन्हा औषध लागले, तिची कोकरे पैदाशीसाठी राखत नाही. एडका निवडताना तर हे पाहतोच. अंगाने थोराड आहे पण पापणी सतत फिकी, अशा एडक्याला आम्ही बाजार दाखवतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोळ जातीचा दख्खनी मेंढ्यांशी संकर केला, तो मुख्यतः जुळ्यांसाठी. पण गरोळ मेंढी पाणथळ सुंदरबनातली असल्यामुळे जंतांना चांगली तोंड देते आणि त्या संस्थेने या गुणाचाही अभ्यास केला आहे. म्हणजे जंत सोसण्याची ताकद वंशातून येते आणि ती आपल्या वाड्यावरही निवडून वाढवता येते.

नव्या मेंढ्यांविषयीही सांगावेसे वाटते. आटपाडीच्या किंवा लोणंदच्या बाजारातून आणलेली मेंढी आम्ही थेट कळपात सोडत नाही. दुसऱ्याच्या कळपातले निर्ढावलेले जंत त्याच वाटेने आपल्याकडे येतात. तिला वेगळी बांधतो, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन निराळ्या कुळांतली औषधे देतो आणि लेंडी तपासता आली तर तपासून मगच मिसळतो.

आणि कृपा करून मोरचूद पाजू नका. पूर्वी जंतांवर ती पाजत असत, पण तिच्यातले तांबे मेंढीच्या काळजात (यकृतात) साठत जाते आणि तिला विषबाधा होते.

माझाही एक प्रश्न आहे. कोकणातून परतल्यावर काही मेंढ्या फिक्या पडतात, पण लेंडीच्या अहवालात अंडी जवळजवळ नसतात. असे का होत असावे?


प्रश्नकर्ता: मेंढीपालक, जत

दोघांचेही मनापासून आभार. सूज असलेल्या कोकरांना काल पशुवैद्यकांकडे नेऊन दाखवले आणि दहा-दहाचे नमुने द्यायची तयारी केली आहे. दोन शंका उरल्या आहेत. पावसाळ्याआधी अख्ख्या कळपाला औषध द्यावे, असे आजवर सगळीकडे सांगितले जाते. आपल्या म्हणण्याप्रमाणे धडधाकट मेंढ्यांना औषध द्यायचे नाही, तर मग त्या माळावर अंडी टाकतच राहणार नाहीत का? आणि आमच्या गावात मेंढ्या पाळणारी बरीच घरे आहेत; आम्ही मिळून सूक्ष्मदर्शक घेतला तर लेंडी गावातच मोजता येईल का?


उत्तर: परोपजीवीशास्त्राची अध्यापिका

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण साऱ्या गोष्टीचे मर्म तिच्यात आहे. धडधाकट मेंढ्या अंडी टाकतील हे खरे आहे आणि ती त्यांनी टाकावीत असेच आपल्याला हवे आहे. औषध न मिळालेल्या मेंढीतील जंत औषधाला अजून बळी पडणारे असतात. त्यांची अंडी माळावर भरपूर असली, की औषधातून वाचलेल्या मोजक्या निर्ढावलेल्या जंतांची संतती त्या गर्दीत विरळ राहते आणि पुढच्या खेपेला औषध काम करते. सर्वांना एकदम औषध दिले, तर त्यानंतर माळावर जी अंडी पडतात ती केवळ वाचलेल्यांची.

आता जतचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. हिमोंकसच्या पिल्लांना वाढायला ऊब आणि ओल दोन्ही लागतात. महिन्याला ५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हा त्यांच्यासाठी फार पूर्वीपासून वापरला जाणारा ठोकताळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या माळावर ती बहुतांशी होरपळून मरतात, म्हणजे त्या वेळी जवळजवळ सगळे जंत मेंढ्यांच्या पोटातच असतात. नेमक्या त्याच वेळी एकही मेंढी न वगळता औषध पाजले, तर पावसाळ्यातील संपूर्ण पिढी वाचलेल्या जंतांपासून सुरू होते. पावसाआधीचा डोस टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. पहिल्या पावसात चराईवर पडणारी अंडी त्याने कमी होतात आणि त्याचा कोकरांना लाभ होतो. परंतु त्या आधी लेंडी मोजा आणि आकडा कमी आला तर डोस टाळा. द्यावाच लागला, तर अंगाने उत्तम आणि लाल पापणीच्या प्रौढ मेंढ्यांचा एक हिस्सा ठरवून वगळा. औषध देऊन लगेच कोऱ्या, म्हणजे जंतांची पिल्ले नसलेल्या, माळावर कळप नेण्याचा जुना सल्लाही याच कारणासाठी आता दिला जात नाही.

विण्याच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि तिच्या लेंडीतील अंडी विल्यानंतर सहा-आठ आठवडे वाढलेली असतात. कोकरे चरायला शिकतात ती याच दिवसांत, आणि त्यांच्या वाट्याला तोच माळ येतो. म्हणून वर्षभरात एखाद-दुसऱ्या वेळीच मोजणे परवडत असेल, तर एक मोजणी विलेल्या मेंढ्यांची आणि दुसरी पाऊस सुरू होऊन महिनाभराने कोकरांची करावी. विलेल्या मेंढीला पेंड आणि चांगला चारा मिळाला, तर ही वाढ पुष्कळ आटोक्यात राहते.

गावात मोजणी निश्चित करता येईल. सिडनीतील मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आजही जगभर चालते. तीन ग्रॅम लेंडी ४२ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात, म्हणजे आणखी मीठ विरघळेनासे होईल अशा पाण्यात, चांगली कुस्करावी, चहाच्या गाळणीने गाळावी आणि ढवळतानाच थेंबनळीने उचलून मोजणीच्या काचेच्या दोन्ही कप्प्यांत भरावी. पाच मिनिटांत अंडी तरंगून वर येतात. शंभर पट मोठे दिसेल असे भिंग लावून दोन्ही कप्प्यांतील रेषांच्या आतली अंडी मोजावीत आणि बेरजेला ५० ने गुणावे. १२ अंडी दिसली तर एका ग्रॅममध्ये ६०० झाली. कोकरांच्या लेंडीत कॉक्सिडिया या एकपेशी परजीवींची बारीक गोलसर अंडुकलीही तरंगतात. ती जंतांच्या अंड्यांपेक्षा बरीच लहान असतात आणि ती या बेरजेत धरायची नाहीत. सुरुवातीला काही नमुने स्वतः मोजून तेच प्रयोगशाळेतही द्यावेत, म्हणजे नजर तयार होते. खर्च वाचवायचा असेल तर दहा जनावरांची समान वजनाची लेंडी एकत्र कालवून सरासरी काढता येते. औषध लागू पडते का, हे तपासताना मात्र पहिल्या मोजणीची सरासरी दीडशेच्या बरीच वर असली पाहिजे, नाहीतर घटीची टक्केवारी फसवी ठरते.

किती अंड्यांवर औषध द्यावे, याचा सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. पाचशेच्या आत आणि पापण्या लाल असतील तर मी थांबते. कोकरांची सरासरी हजाराच्या पुढे गेली आणि पापण्या फिक्या होऊ लागल्या तर थांबत नाही. आकडा आणि पापणी नेहमी एकत्र वाचावीत. कोवळे जंत अंडी घालण्याआधीच रक्त पिऊ लागतात, त्यामुळे पावसाळ्यात एकदम भारी लागण झाली तर लेंडीत अंडी नसतानाही कोकरू पांढरे पडते. तसेच, सूक्ष्मदर्शकाखाली हिमोंकस आणि ट्रायकोस्ट्राँगायलस यांची अंडी खात्रीने वेगळी ओळखता येत नाहीत. त्यासाठी लेंडीतून पिल्ले वाढवून पाहावी लागतात आणि ते काम प्रयोगशाळेचे आहे.

आपल्या शेळ्यांना विसरू नका. त्यांना हेच जंत होतात, पण शेळीचे शरीर जंतनाशक लवकर बाहेर टाकते, म्हणून मेंढीच्या हिशेबाने दिलेला डोस तिला अपुरा पडतो आणि निर्ढावलेले जंत तिच्या पोटात तयार होऊन मेंढ्यांच्या चराईवर येतात. शेळ्यांचा डोस पशुवैद्यकांकडून वेगळा लिहून घ्यावा.

माणच्या मेंढपाळ बंधूंच्या शंकेत मला यकृतातील चपट्या कृमींचा संशय येतो. भातखाचरे, तळी आणि पाटांच्या कडेला राहणाऱ्या गोगलगायींमधून त्यांची लागण होते. त्यांची अंडी जड असल्याने मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत, आणि म्हणूनच नेहमीच्या तपासणीत सापडत नाहीत. नमुना देताना ‘तळाशी बसवून तपासावे’ असे स्पष्ट लिहा. शिवाय लागण झाल्यापासून अंडी दिसेपर्यंत तीन महिने किंवा अधिक काळ जातो, त्यामुळे परतल्यावर पहिली तपासणी कोरी आली तरी पावसाळ्याच्या मध्यावर ती पुन्हा करावी. क्लोसँटेल हे औषध या कृमींच्या प्रौढ अवस्थेवर आणि हिमोंकसवरही चालते, पण त्याचा डोस वाढला तर मेंढी आंधळी होऊ शकते. म्हणून ते नजरेच्या अंदाजाने देऊ नये, काट्यावर वजन करूनच द्यावे.

जतच्या मेंढीपालकांनी नमुन्यांच्या पिशव्यांवर जनावराची खूण आणि वय, मेंढी विली असल्यास केव्हा, शेवटचे औषध कोणते आणि कोणत्या तारखेला दिले, एवढे अवश्य लिहावे. श्रावणातील डोसाला आता दोन आठवड्यांहून अधिक काळ लोटला असल्यामुळे सध्याच्या आकड्यावरून त्या औषधाचा निकाल लावता येणार नाही. नव्याने औषध द्याल त्याच दिवसापासून दोन मोजण्यांचा हिशेब धरावा. दुसरा नमुना केव्हा द्यायचा हे औषधाच्या कुळावर ठरते: लेव्हामिसोल दिले असेल तर आठवड्याच्या आत, अल्बेंडाझोलच्या कुळातले असेल तर आठ ते दहा दिवसांनी आणि आयव्हरमेक्टिन असेल तर पुरत्या दोन आठवड्यांनी.